दोन वाव पाणी

मार्क ट्वेन हे नाव आपण परीक्षेत कितीदा लिहिलं असेल! पण ते मुळात माणसाचं नावच नाही, पाण्याची खोली आहे, हे मला यंदा कळलं.

१८०७ मध्ये रॉबर्ट फुल्टनची वाफेची बोट हडसन नदीतून न्यूयॉर्कहून ऑल्बनीला गेली. सुमारे १५० मैलांना ३२ तास लागले. १८११-१२ च्या हिवाळ्यात पहिली आगबोट मिसिसिपीवरून न्यू ऑर्लिन्सला पोचली. ही नदी गढूळ, पोटात बुडालेली झाडं आणि जागा बदलणारे वाळूचे दांडे. म्हणून बोटीवरचा एक खलाशी शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडायचा आणि खोली ओरडून सांगायचा. ‘मार्क ट्वेन’ म्हणजे दोन फॅदम, १२ फूट. आपल्या भाषेत दोन वाव. दोन्ही हात पसरले की होतं ते अंतर म्हणजे एक वाव.

गंमत पाहा. उथळ पाण्यातून बाहेर पडताना ही हाक आली तर सुटलो म्हणायचं. खोल पाण्यातून येताना तीच आली तर सावध! शब्द तेच, पण बोट कुठून आली त्यावर अर्थ ठरतो.

सॅम्युएल क्लेमन्स १८५७ मध्ये होरेस बिक्स्बी या पायलटकडे नदी शिकायला लागला. पुढे त्याने धाकट्या भावाला, हेन्रीला, ‘पेनसिल्व्हेनिया’ बोटीवर काम मिळवून दिलं. तिथल्या पायलटने हेन्रीवर हात उगारला, सॅम त्याच्याशी भिडला आणि त्या भांडणापायी न्यू ऑर्लिन्सला बोटीवरून उतरला. हेन्री बोटीवरच राहिला. या बोटींची इंजिनं हलकी पण जास्त दाबाची असत आणि बॉयलर फुटत. १८५२ मध्ये तपासणीचा कडक कायदा झाला होता, तरी १३ जून १८५८ ला मेम्फिसच्या खाली ‘पेनसिल्व्हेनिया’चे बॉयलर फुटले. आठ दिवसांनी हेन्री गेला. वय १९. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

ज्या भांडणाने सॅम वाचला, ते भावासाठीच झालं होतं. नोकरीही त्यानेच लावलेली. हे ओझं कुठे ठेवायचं? कन्फेशनला जाऊन सांगावं, तर यात पाप कुठलं?

१८६३ मध्ये त्याने ‘मार्क ट्वेन’ हे नाव घेतलं. पुस्तकांत त्याचा अर्थ ‘सुरक्षित पाणी’ एवढाच दिलेला असतो. मला तो अर्धाच वाटतो. हेन्रीची गोष्ट त्याने ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’त (१८८३) स्वतः सांगितली आहे, प्रकरणं १८ ते २०. ती आधी वाचा, मग ‘हकलबरी फिन’ पुन्हा उघडा. त्यातल्या विनोदाखाली पाणी किती आहे, ते तुम्हीच दोरी टाकून बघा.