आपल्या घरी कोणाची ‘रेंज’ चांगली?

वडिलांच्या मोबाइलवर धडा तत्काळ उघडतो आणि शेजारीच बसलेल्या मुलाच्या मोबाइलवर नुसते चक्र फिरत राहते. असे का व्हावे? विद्यार्थिमित्रहो, कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतूनही शिरतात. अधिक वारंवारतेच्या लहरी पुष्कळ माहिती वाहून नेतात, परंतु डोंगर वा जाड भिंत आड येताच क्षीण होतात. २०२२ च्या लिलावात ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा जिओ व एअरटेल या दोघींनीही घेतला. ७०० चा मात्र एकट्या जिओने घेतला. तथापि एवढ्यावरून निवाडा करू नये. मनोराच जवळ नसेल तर पट्टा काय करील?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर दाखवावे लागतात. ते प्रथम पाहावेत. पण नकाशास आपल्या माजघराची भिंत ठाऊक नसते. म्हणून आम्ही असे सुचवितो की, एकाच मोबाइलात घरातील निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे पाळीपाळीने घालून, अभ्यासाच्याच जागी, सकाळी व रात्री, तीन दिवस वेग मोजावा आणि वहीत टिपावा. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहेच. पालकांच्या कष्टाचा पैसा खर्चण्यापूर्वी ती वही त्यांस अवश्य दाखवावी.