परवाना : देणाऱ्याचा शब्द आणि मागणाऱ्याचा शब्द

'परवाना' हा शब्द मराठीत फारसीतून आला. हुकूमपत्र, लेखी आज्ञा हा त्याचा जुना अर्थ. शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारातील अनेक फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, अलीकडच्या शासकीय मराठीत 'अनुज्ञप्ती' हा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न झाला, तरी लोकांच्या तोंडी परवाना टिकून राहिला. परवाना, परवानगी, मंजुरी, ना हरकत या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा असतो तो देणारा. मागणाऱ्याने फक्त अर्ज करायचा आणि वाट पाहायची. नगरपालिकांचा परवान्यांचा कारभार संगणकावर गेल्यामुळे शब्दांचा हा जुना तोल बदलला आहे. प्रस्तुत लेखात घर बांधण्याच्या परवानगीपुरता हा बदल पाहू.

कागदी पद्धतीत अर्जाबरोबर नकाशा जाई. लिपिक टिपणी लिही, अभियंता जागा पाहून येई, अधिकारी समासात शेरा मारी आणि शेवटी मंजुरीची सही होई. या वाटेवर विलंब होता, खेटे होते आणि गैरव्यवहारालाही जागा होती. म्हणून त्या पद्धतीबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र तीत एक सोय होती. अर्जदाराने एखादा रकाना चुकीचा भरला, तर समोरचा माणूस विचारू शके, "म्हणजे तुम्हाला काय म्हणायचे आहे?" अर्थाची शंका माणसामाणसांत फिटत असे.

संगणकप्रणाली हा प्रश्न विचारत नाही. नकाशा तपासणाऱ्या प्रणालींत वास्तुविशारदाने आखलेल्या नकाशाचे थर आधी ठरलेले असतात. भूखंडाची हद्द एका थरावर, इमारतीची बाह्यरेषा दुसऱ्यावर, सज्जा, जिना, वाहनतळ वेगवेगळ्या थरांवर. प्रणाली प्रत्येक थराचे नाव वाचते, क्षेत्रफळ काढते, सामासिक अंतरे मोजते आणि नियमाशी ताडून उत्तर देते. सज्जा चुकीच्या थरावर आखला गेला, तर त्याचे क्षेत्र भलत्याच हिशेबात धरले जाते. येथे शब्द म्हणजे कप्प्यावरची चिठ्ठी. त्या कप्प्यात पडेल तेवढाच त्याचा अर्थ.

याच्या पुढची पायरी हैदराबादसह तेलंगणातील शहरांत दिसली. राज्याने २०२० साली कायदा करून 'टीएस-बीपास' ही बांधकाम परवानगीची ऑनलाइन पद्धत आणली. ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावर ७ मीटर उंचीपर्यंतचे घर बांधायचे असल्यास परवानगीची गरज नाही, केवळ नोंदणी पुरे आणि तिचे शुल्क नाममात्र एक रुपया. त्याहून मोठ्या, परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर १० मीटर उंचीपर्यंतच्या घरासाठी अर्जदाराने स्वतः प्रमाणित केलेल्या माहितीवर तत्काळ मंजुरी. त्यापलीकडच्या बांधकामांसाठी एक खिडकी आणि २१ दिवसांची मुदत. मुदतीत निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाली असे मानायचे.

सामान्य माणसाला हा मोठाच दिलासा होता. परंतु या सोयीचा पाया आहे 'स्वयंप्रमाणन'. अर्जात दिलेली माहिती खरी आहे, बांधकाम नियमानुसार होईल, याची हमी अर्जदार देतो. तपासणी मागाहून होते, आणि माहिती खोटी ठरल्यास कठोर कारवाईची तरतूद आहे. पूर्वी मंजुरीच्या कागदावर अधिकाऱ्याच्या शब्दाचे वजन असे. आता ते वजन अर्जदाराच्या शब्दावर आले. देणाऱ्याचा शब्द आखूड झाला, मागणाऱ्याचा जड झाला. मग साधा प्रश्न असा की, ज्या वाक्याखाली आपण संमती नोंदवतो, ते आपल्याला पुरते कळले आहे काय?

दोन उदाहरणे घेऊ. पहिले 'मजला' या शब्दाचे. आपण 'दुमजली घर' म्हणतो तेव्हा तळमजला आणि त्यावरचा एक, असे दोन मजले धरतो. पण त्याच घराचा वरचा भाग 'पहिला मजला' असतो. मजले किती, असे रकान्यात विचारले तर कोणी दोन लिहील, कोणी एक. बोलताना दोन्ही बरोबर. अर्जात एकच बरोबर, आणि तेही नियमातील व्याख्येप्रमाणे. उंचीचेही तसेच. ती कोठून कोठपर्यंत मोजायची, जोते धरायचे की नाही, गच्चीवरची टाकी मोजायची की नाही, हे आपल्या अंदाजाने ठरत नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. रकान्याचे नाव 'रस्त्याची रुंदी'. अर्जदार घरासमोरचा रस्ता पाहतो, मोजतो आणि लिहितो वीस फूट. प्रत्यक्षात शहराच्या विकास आराखड्यात तोच रस्ता चाळीस फुटांचा दाखवलेला असू शकतो. तसे असेल तर भूखंडाची काही पट्टी रस्त्यासाठी सोडून मग अंतरे मोजावी लागतात. डोळ्यांनी पाहिलेले खरे लिहूनही त्या माणसाचे निवेदन चुकीचे ठरते. येथे खोटेपणा नाही. 'अस्तित्वातील' आणि 'नियोजित' या दोन विशेषणांपैकी एक रकान्यातून गळले आहे. एका विशेषणावर भिंत उभी राहणार की पडणार, हे अवलंबून असते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसापुढे याखेरीज आणखी एक पायरी असते. अर्जाची भाषा इंग्रजी किंवा त्या राज्याची असते. मग तो अर्ज भरून देणाऱ्या दुकानात जातो, हमीपत्र दुसराच वाचतो, किंवा कोणीच वाचत नाही, आणि मोबाईलवर आलेला आकडा सांगितला की संमती नोंदली जाते. जबाबदारी मात्र मालकाची राहते.

ही उणीव भरून काढण्याचे काम भाषेच्या माणसांचे आहे, आणि महाराष्ट्राबाहेर त्याची परंपराही आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळी, १९३१ साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला. कारभारातील इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय त्यात मांडले आहेत. अनेक भाषांच्या राज्यात कारभार कळायचा असेल, तर शब्द शेजारी शेजारी ठेवावे लागतात, ही त्यामागची जाण.

आज एवढ्या मोठ्या कोशाची गरज नाही. आपल्या शहरातील बांधकाम अर्जाचे जेवढे रकाने, तेवढ्या शब्दांचे मराठी टिपण पुरे. प्रतिशब्दाबरोबर व्याख्या आणि एक उदाहरण मात्र हवे. 'चटई क्षेत्र निर्देशांक' हा अनुवाद झाला. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल ते सांगणारा आकडा, हा अर्थ झाला. 'भोगवटा प्रमाणपत्र', 'जोते तपासणी' असे चांगले मराठी शब्द आपल्याकडे आहेतच. तेथे नवे घडवू नयेत.

शिक्षकांनी वरच्या वर्गात एक पाठ असा घ्यावा. शहराच्या अर्जातील हमीपत्राचा एक परिच्छेद फळ्यावर लिहावा. विद्यार्थ्यांनी त्याचे मराठी करावे आणि प्रत्येक वाक्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : येथे वचन कोण देतो? कशाचे देतो? ते मोडले तर काय होते? कर्मणी प्रयोगात कर्ता कसा लपतो, हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा या परिच्छेदात लवकर कळेल.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क अन्याय झाल्यावर उपयोगी पडतो. परंतु संमतीची खूण करण्याआधी ते वाक्य आपल्या भाषेत समजावून घेतले, तर बहुतेक गाऱ्हाणी उद्भवणारच नाहीत.