विजेची वाट

मुंबईच्या कापडगिरण्या एके काळी कोळशावर चालत. कोळसा दूरच्या खाणींतून आणावा लागे, त्याचा खर्च मोठा येई आणि गिरण्यांच्या धुराने शहराचे आकाश काळवंडून जाई. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र दर पावसाळ्यात अपार पाणी कोसळे. हे पाणी अडवून वीज निर्माण करावी आणि ती गिरण्यांना पुरवावी, असा जमशेटजी टाटा यांचा संकल्प होता. १९०४ साली ते निवर्तले. परंतु त्यांच्या वारसांनी हे कार्य तडीस नेले. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधण्यात आले. तेथील पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली, खोपोलीस, पोलादी नळांतून आणण्यात आले आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्या चालवू लागली.

वीज निर्माण करणे हे अर्धेच काम होय. ती दूरवर नेणे हे उरलेले अर्धे काम, आणि तेही तितकेच अवघड. तार कितीही चांगली असली तरी ती विजेच्या प्रवाहाला थोडाफार विरोध करतेच. त्यामुळे तार तापते आणि तेवढी वीज वाटेतच वाया जाते. शिवाय प्रवाह दुप्पट झाला, तर ही गळती दुप्पट नव्हे, चौपट होते.

यावर उपाय कोणता? प्रवाह कमी ठेवावा आणि दाब वाढवावा. समजा, एक हजार किलोवॅट वीज दहा ओम विरोध असलेल्या तारेतून पाठवावयाची आहे. दाब दहा हजार व्होल्ट ठेवला, तर शंभर अँपिअर प्रवाह लागतो आणि शंभर किलोवॅट, म्हणजे दहावा हिस्सा, वाटेत नष्ट होतो. तोच दाब एक लाख व्होल्ट केला, तर दहा अँपिअर प्रवाह पुरतो आणि अवघा एक किलोवॅट वाया जातो. दाब दसपट वाढला की गळती शंभरावा भाग उरते! दाब वाढविणाऱ्या व उतरविणाऱ्या यंत्रास रोहित्र म्हणतात. विद्युत्केंद्रापाशी रोहित्र दाब चढविते. मग उंच मनोऱ्यांवरील तारांतून वीज धावते. गावाजवळच्या उपकेंद्रात तो दाब टप्प्याटप्प्याने उतरविला जातो आणि शेवटी घरात २३० व्होल्टांची वीज येते.

पुढे अंतरे वाढली. चंद्रपूर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. तेथे कोळसा विपुल; विजेची मोठी मागणी मात्र पश्चिमेस, मुंबईच्या बाजूला. म्हणून १९९९ साली चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरांची खास वाहिनी सुरू झाली. तिच्यातून १,५०० मेगावॅट वीज एकदिश प्रवाहाच्या रूपाने नेता येते. इतक्या लांबच्या प्रवासात या पद्धतीने गळती कमी होते.

धान्य कोठारात भरून ठेवावे, तशी वीज मोठ्या प्रमाणावर साठविणे सोपे नाही. जितकी हवी तितकीच, हवी त्याच क्षणी निर्माण करावी लागते. म्हणूनच वाहिन्यांवरील भार सतत सांभाळावा लागतो. ३० जुलै २०१२ रोजी रात्री अडीचच्या सुमारास बीना व ग्वाल्हेर यांमधील एक वाहिनी अतिभारामुळे बंद पडली. तिचा भार इतर वाहिन्यांवर गेला. त्याही एकामागून एक बंद पडल्या आणि उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य असे तिन्ही विभाग बंद पडले. आगगाड्या वाटेतच थांबल्या. बंगालमधील खाणींत उतरलेले मजूर पाळणे बंद झाल्याने काही काळ खालीच अडकून राहिले.

विजेचा दिवा कळ दाबताच लागतो, म्हणून ती सहज मिळते असे वाटते. परंतु मुंबईत उजेड पोहोचतो तेव्हा त्यासाठी जाळलेल्या कोळशाची राख आणि भट्टीची धग मागे चंद्रपुरातच राहिलेली असते. तारांतून वीज तेवढी जाते. तिची किंमत मात्र जेथे ती निर्माण होते तेथील माणसे मोजत असतात. रिकाम्या खोलीतला दिवा मालविताना एवढे ध्यानात राहिले, तरी पुष्कळ झाले.