ऑब्जेक्टच्या जन्माचे नियम लिहिताना





पडद्यावर खिडक्या मांडणारा सर्व्हर आणि त्याच्याशी बोलणारे अ‍ॅप यांच्यातील संदेशांचे नियम म्हणजे डिस्प्ले सर्व्हरचा प्रोटोकॉल. २००८ मध्ये क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँड या प्रोटोकॉलचे दस्तऐवजीकरण हाती घेणाऱ्याने ऑब्जेक्ट, म्हणजे खिडकीचा पृष्ठभाग, चित्राचा मजकूर साठवणारा बफर यांसारखी क्रमांकाने ओळखली जाणारी वस्तू, कोणाच्या हातून जन्मते हे आधी स्पष्ट करावे.

वेलँडमध्ये अ‍ॅप नव्या ऑब्जेक्टचा क्रमांक स्वतः ठरवते, तो विनंतीसोबत पाठवते आणि उत्तराची वाट न पाहता त्याच क्रमांकावर पुढील विनंत्या धाडते. एक्स११ या जुन्या डिस्प्ले प्रोटोकॉलमध्येही क्रमांक अ‍ॅपच निवडते, मात्र सर्व्हरने जोडणीच्या वेळी नेमून दिलेल्या पट्ट्यातूनच. वेलँडने ३२ बिटांच्या संख्यांतील सर्वांत वरचा २५६वा भाग सर्व्हरने निर्मिलेल्या ऑब्जेक्टांसाठी राखला आहे. नवा ऑब्जेक्ट सामान्यतः जनक ऑब्जेक्टचीच, म्हणजे ज्याच्यावरील विनंतीतून तो जन्मतो त्याचीच, आवृत्ती घेतो. सर्व्हरच्या सुविधांची यादी देणाऱ्या रजिस्ट्रीवरील बाइंड विनंती याला अपवाद आहे, कारण तिथे इंटरफेसचे, म्हणजे ऑब्जेक्टच्या प्रकाराचे, नाव आणि आवृत्ती नव्या ऑब्जेक्टच्या क्रमांकासोबतच पाठवावी लागते. प्रोटोकॉलच्या व्याख्येच्या एक्सएमएल फाइलमधली ओळ वाचून हा फरक नवख्याच्या ध्यानात येत नाही, म्हणून तो शब्दांत सांगणे लेखकाचे कर्तव्य ठरते.

निर्मिती फसली तर काय, याकडे बहुतेक लेखक पाठ फिरवतात. खरे तर अभ्यास तिथेच करावा. ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीतून बफर घडवणाऱ्या लिनक्स डीएमएबफ विस्तारात दोन वाटा आहेत. 'क्रिएट' विनंतीत सर्व्हर आधी पडताळणी करतो आणि मग स्वतःच्या क्रमांकाचा बफर देतो किंवा अपयश कळवतो, तर विस्ताराच्या दुसऱ्या आवृत्तीत आलेल्या 'क्रिएट इमेड'मध्ये क्रमांक अ‍ॅप देते, आणि आयात फसल्यास सर्व्हर जोडणीच तोडू शकतो. वेग आणि धोका यांचा हा सौदा दस्तऐवजात लिहिलेला नसेल, तर तो वाचकाला जोडणी तुटल्यावरच कळतो.

जन्मासोबत अंतही लिहावा. अ‍ॅपने ऑब्जेक्ट नष्ट केला तरी सर्व्हरचे आधी निघालेले संदेश वाटेत असू शकतात. त्यामुळे अ‍ॅपने दिलेला क्रमांक सर्व्हरकडून 'डिलीट आयडी' ही सूचना येईपर्यंत पुन्हा वापरता येत नाही, आणि हा नियम नष्ट करण्याच्या प्रत्येक विनंतीच्या वर्णनाजवळच आढळावा.