उत्सर्ग, अपवाद आणि वाट

म्हैसूरहून एच. डी. कोटे (हेग्गडदेवनकोटे) मार्गे केरळातील मानंतवाडीस जाणारा रस्ता नागरहोळेच्या अरण्यातून जातो. वन्य प्राण्यांच्या रक्षणार्थ २००८ साली या अरण्यमार्गावरील वाहतूक सायंकाळी ६ ते सकाळी ६ या वेळेपुरती बंद करण्यात आली. अशा वेळी हुणसूर, गोणिकोप्प, कुट्ट ही दूरची वाट धरावी लागते. प्रवासी तोच, गंतव्यही तेच, वाट मात्र घड्याळ ठरविते. संकेतस्थळांच्या रचनेत हाच प्रश्न उद्भवतो, आणि व्याकरणाच्या अभ्यासकास तो अगदीच परका नाही.

संकेतस्थळे रचण्यासाठी २००५ साली खुली झालेली ‘जँगो’ ही चौकट आलेल्या मागणीचा पत्ता एका यादीशी वरून खाली ताडून पाहते. प्रथम जुळेल तो नमुना निर्णायक. म्हणून ‘लेख/नवीन’ हा विशेष नमुना, ‘लेख’पुढे कोणताही शब्द चालवून घेणाऱ्या सामान्य नमुन्याच्या वर लिहावा लागतो; खाली लिहिल्यास त्याची पाळी कधीच येत नाही. पाणिनीची व्यवस्था याहून निराळी. अष्टाध्यायीतील १.४.२ या सूत्राच्या परंपरागत अर्थानुसार तुल्यबल नियमांच्या विरोधात नंतरचा नियम प्रवृत्त होतो. म्हणजे क्रम नेमका उलटा. शिवाय अपवाद उत्सर्गाला बाधतो तो स्थानाच्या बळावर नव्हे, तर त्याला अन्यत्र अवकाशच उरत नाही म्हणून. काशीस राहिलेल्या नागेशभट्ट काळे यांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’त (पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना कीलहॉर्न यांनी संपादिलेला हाच ग्रंथ) पर, नित्य, अंतरंग व अपवाद यांचे उत्तरोत्तर बलीयस्त्व सांगितले आहे. यंत्राजवळ हा विवेक नाही. यादी लिहिणाऱ्याने तो क्रमात उतरवावयाचा.

कोट्याच्या रस्त्याचा अपवाद मात्र पत्त्यात दिसतच नाही, त्यामुळे येथे क्रमाचाही उपयोग नाही. जँगोत यासाठी मागणी व यादी यांच्यामध्ये एक मधला स्तर असतो. वेळ, यजमान-नाव किंवा मागणाऱ्याचा अधिकार पाहून तो मागणीच्या ‘यूआरएलकॉन्फ’ या गुणात दुसऱ्या यादीचे नाव ठेवू शकतो. मूळ यादी तेवढ्या मागणीपुरती बाद होते.

सोय मोठी खरी, पण येथे वाचकाची फसगत होते. मूळ यादी वाचणाऱ्यास ती पूर्ण वाटते, कारण तिचा बाध दुसऱ्याच पानावर आहे. व्याकरणातील अपवाद निदान सूत्रपाठात तरी सापडतो! म्हणून एखाद्याच पत्त्याचा प्रश्न असेल तर यादी तशीच ठेवून त्या पत्त्याचे उत्तर देणाऱ्या कार्यातच अट तपासावी, हे मला अधिक प्रशस्त वाटते. निरनिराळ्या यजमान-नावांसाठी सबंध रचनाच निराळी असेल, तेव्हा दुसरी यादी अवश्य असावी. मात्र मधल्या स्तराचा निर्देश मूळ यादीच्या शिरोभागी टीपेत करून ठेवावा.