दुरुस्तीची दुरुस्ती : संगणकातील सदोष दुवा आणि त्यावरील उपायाची तपासणी

पाथर्डी हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका आहे. दसरा उलटला की येथील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. निघण्यापूर्वी कोणाला सातबाराचा उतारा हवा असतो, कोणाला रहिवासाचा दाखला, तर कोणाला मुलाच्या शाळेसाठी जातीचे प्रमाणपत्र. ही कामे आता मोठ्या प्रमाणावर संगणकाद्वारे होतात. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या तारेने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. गावातील टेबलावरचा संगणक कोणत्याही प्रणालीवर चालत असो, त्याला उत्तर देणाऱ्या दूरच्या सर्व्हरांपैकी फार मोठा भाग 'लिनक्स' या प्रणालीवर चालतो. त्या प्रणालीत केलेली एखादी दुरुस्ती बरोबर आहे की चूक, हा प्रश्न यास्तव केवळ तज्ज्ञांचा राहत नाही. तो दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाचाही ठरतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

संगणकाच्या पेटीत अनेक यंत्रभाग असतात. माहिती साठविणारी डिस्क, जाळ्याशी जोडणारे कार्ड, चित्र दाखविणारे कार्ड असे त्यांचे प्रकार होत. हे भाग आपण होऊन मुख्य प्रणालीशी बोलू शकत नाहीत. त्यांना चालविण्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीस 'ड्रायव्हर' म्हणतात. यंत्रभाग आणि संगणक यांना जोडणाऱ्या आजच्या प्रचलित मार्गास 'पीसीआय एक्स्प्रेस' असे नाव आहे. या मार्गावरील दोन टोकांमधील जोडणीस दुवा म्हणतात.

संगणक सुरू होताच दुव्याची दोन्ही टोके आपसांत वेग ठरवितात. दोघांनाही पेलेल असा जास्तीत जास्त वेग ती निवडतात व तो न साधल्यास खालच्या वेगावर येतात. शेतकऱ्यास ही गोष्ट नवी नाही. नवी बैलजोडी जुंपताना दोन्ही बैलांची चाल जुळावी लागते. ती जुळली नाही, तर औत जागचे हलत नाही. यंत्रभागाच्या घडणीतच दोष असेल तर दुव्याचीही तीच गत होते. विकलेले यंत्र कारखान्यात परत नेऊन बदलणे बहुधा शक्य नसते, म्हणून आज्ञावलीतच तोड काढावी लागते.

एक प्रत्यक्ष उदाहरण

अशा दोषाचे एक बोधप्रद उदाहरण लिनक्स प्रणालीत घडले. 'हायफाइव्ह अनमॅच्ड' नावाच्या संगणक-फलकावर 'एएसमीडिया' कंपनीचा एएसएम २८२४ हा स्विच आहे. त्यास 'पेरिकॉम' कंपनीचा दुसरा स्विच असलेले कार्ड जोडले असता दुवा कधीच पूर्ण होत नसे. (हा फलक 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या रचनेवर आधारलेला आहे. याच रचनेवर पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने 'वेगा', तर मद्रासच्या आयआयटीने 'शक्ती' हे प्रक्रियक तयार केले आहेत.)

दोन्ही स्विचांनी सेकंदाला ५ अब्ज संक्रमणांचा वेग धरावा, न जमल्यास २.५ अब्जांवर यावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दुवा या दोन वेगांमध्ये सेकंदाला ३४ ते ३५ वेळा हेलकावे खात राही. सुमारे ८४ टक्के वेळ केवळ वेग ठरविण्यातच जाई आणि माहितीचा एक कणही पलीकडे पोहोचत नसे.

निरीक्षणात एक गोष्ट आढळली. वरच्या स्विचला प्रथम २.५ अब्जांचीच मर्यादा घातली, तर दुवा व्यवस्थित जुळतो. त्यानंतर ती मर्यादा काढून टाकली, तर दोन्ही टोके सुखरूपपणे ५ अब्जांवर जातात. आधी संथ चालवावे, चाल बसली की मोकळे सोडावे, असाच हा उपाय होय.

दोष ओळखण्यासाठी दोन खुणा ठरविण्यात आल्या. पहिली म्हणजे दुवा चालू नसणे. दुसरी म्हणजे यंत्राने आपण होऊन वेग बदलल्याची नोंद असणे. दोन्ही खुणा दिसल्यास आज्ञावलीने वेग मर्यादित करावा, दुवा पुन्हा जुळवावा, २०० सहस्रांश सेकंद वाट पाहावी आणि यश आल्यास मर्यादा उठवावी, असे योजण्यात आले. चौदा भागांची ही दुरुस्ती अनेक वेळा सुधारून मांडली गेली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ६.५ या आवृत्तीत समाविष्ट झाली.

उपायातून उद्भवलेला अपाय

सदोष स्विच असलेल्या संगणकांचे काम यामुळे मार्गी लागले. तथापि काही काळाने, ज्यांच्याकडे हा स्विच नव्हता त्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. मोठ्या साठवण यंत्रांत संगणक चालू असतानाच डिस्क काढतात व घालतात. डिस्क काढली की दुवा बंद पडतो, म्हणजे पहिली खूण दिसते. वेगबदलाची नोंद एकदा झाली की आज्ञावलीने पुसेपर्यंत ती तशीच राहते. त्यामुळे पूर्वीची जुनी नोंद शिल्लक असल्यास दुसरी खूणही दिसते. दोष नसतानाही दोष आहे, असा निष्कर्ष त्यामुळे निघे.

मग आज्ञावली वेग २.५ अब्जांवर आणी. पलीकडे डिस्कच नसल्याने दुवा जुळत नसे आणि मर्यादा तशीच राहून जाई. त्याच जागी पुढे घातलेली नवी, कितीतरी अधिक वेग पेलणारी डिस्कही मग त्याच मंद गतीने चाले. शिवाय, दुवा जुळला नसताही काही प्रसंगी 'यशस्वी' असा अहवाल दिला जाई आणि पुढील आज्ञावली व्यर्थ वाट पाहत बसे.

२०२४ मध्ये या दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती करण्यात आली. प्रयत्न फसल्यास मूळ वेगमर्यादा पूर्ववत करणे, दुवा पुन्हा जुळविल्यावर जुनी नोंद पुसणे आणि खरोखरच काम झाले असेल तरच यश कळविणे, हे बदल त्यात होते.

तपासणीचे पाच प्रश्न

या प्रकरणावरून दुरुस्ती तपासणाऱ्याने विचारावयाचे पाच प्रश्न स्पष्ट होतात.

१) दोष नेमका कोठे आहे, हे मोजून सिद्ध झाले आहे काय? येथे दुव्याचे वर्तन मोजले गेले होते आणि आकडे हाती होते.

२) दोषाची म्हणून ठरविलेली खूण निर्दोष यंत्रातही दिसू शकते काय? पहिल्या दुरुस्तीतील उणीव येथे होती.

३) उपाय फसला, तर यंत्र पूर्वस्थितीत येते काय?

४) उपाय करणारी आज्ञावली स्वतःच्या अपयशाची खरी नोंद देते काय?

५) ज्यांना हा दोष नाही, अशा यंत्रांवर व वेगळ्या वापरात चाचणी झाली आहे काय?

ग्रामपातळीवरील उपयोग

पंचायत सदस्य किंवा शिक्षक यांनी आज्ञावली वाचावी, अशी अपेक्षा नाही. तथापि हे प्रश्न त्यांच्या परिचयाचेच आहेत. बंधाऱ्याचे काम झाले की मोजमाप वहीत नोंद होते, अभियंता पाहणी करतो आणि नंतरच देयक निघते. गळती थांबली एवढ्यावर कोणी समाधान मानीत नाही. पाणी दुसरीकडून कोणाच्या शेतात शिरत नाही ना, हेही पाहिले जाते.

संगणकाच्या दुरुस्तीसही हीच शिस्त लावावी. बिघाड कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी व काय करीत असताना झाला, याची नोंदवही ठेवावी. दुरुस्तीपूर्वी एका दाखल्यास किती वेळ लागत होता व नंतर किती लागतो, हे लिहावे. आज्ञावली अद्ययावत केल्यावर प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र व जाळ्याची जोडणी ही तिन्ही तपासूनच काम पूर्ण झाल्याची सही द्यावी. पूर्वी चालणारी एखादी गोष्ट मंदावली असल्यास ती किरकोळ न मानता लेखी कळवावी. लिनक्समधील उणीवही वापरणाऱ्यांनी आपले अनुभव तपशिलासह कळविल्यामुळेच उजेडात आली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुरुस्तीत चूक होणे हा अपराध नव्हे. अनेक वेळा सुधारलेल्या कामातही उणीव राहू शकते. मात्र ती उघडपणे नोंदविणे, कारण शोधणे आणि पुन्हा सुधारणे, यावरच सार्वजनिक यंत्रणेचा विश्वास उभा असतो. ट्रॅक्टर सुटण्यापूर्वी हाती दाखला पडावा म्हणून थांबलेल्या ऊसतोड कामगारास दुवा, स्विच आणि आज्ञावली यांची नावे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याचे काम वेळेवर होणे, हीच त्या दुरुस्तीची अखेरची तपासणी होय.