पिट्टीपन्ना खा, पण आठवड्यातून एकदाच

प्रश्न: नोकरीनिमित्त आम्ही स्टॉकहोमजवळ राहतो. माझं वय 46, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, साखर सीमारेषेवर आहे. पाकिटातला गोठवलेला पिट्टीपन्ना आठवड्यातून तीन-चार वेळा होतो. चालेल का?

उत्तर: एकदा चालेल, तोही शक्यतो घरी केलेला.

हा पदार्थ मुळात उरल्यासुरल्याचा. आदल्या दिवशीचे उकडलेले बटाटे, कांदा आणि उरलेलं मांस यांच्या बारीक फोडी लोण्यावर परतायच्या, वर अंडं, बाजूला बीटचं लोणचं. डेन्मार्कचा बिक्सेमाडही असाच. मांस उरेल तेवढंच पडायचं. पाकिटात मात्र बऱ्याचदा सॉसेज किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. असं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. 2023 च्या नॉर्डिक आहार शिफारशींनुसार लाल मांस आठवड्याला 350 ग्रॅमच्या आत ठेवावं आणि त्यात प्रक्रिया केलेलं कमीत कमी असावं. तुमच्यासाठी मीठही तितकंच महत्त्वाचं. दिवसभराचं सगळं मिळून ते 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणून पाकिटावरचा मिठाचा आकडा वाचा. हिरव्या किल्लीच्या भोकाचं चिन्ह असलेलं पाकीट त्यातल्या त्यात बरं.

बटाटा कसा परतता, यालाही महत्त्व आहे. तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, हे 2002 मध्ये स्वीडनमधूनच जगाला कळलं. प्राण्यांमध्ये त्यामुळे कर्करोग होतो. माणसांबाबत पुरावा अजून ठोस नाही, तरी सावध राहावं. बटाटा उकडताना ते तयार होत नाही. त्यामुळे उकडलेला बटाटा थोडाच वेळ परतण्याची जुनी रीत चांगली. फोडी सोनेरी झाल्या की गॅस बंद करा, तपकिरी होऊ देऊ नका.

घरी करताना एवढं सांभाळा:

• सॉसेजऐवजी उरलेलं साधं चिकन, मासा किंवा उकडलेले चणे घाला.
• बटाटा अर्धा करा. त्या जागी गाजर, कोबी, ढोबळी मिरची घाला.
• लोण्याऐवजी चमचाभर रेपसीड तेल वापरा.
• बीटच्या लोणच्यात साखर असते, दोन-तीन चकत्या पुरेत. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका. न खाताही तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.
• उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करा.
• काही जण वर कच्चा बलक घेतात. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांनी अंडं पूर्ण शिजवूनच खावं.

आहार सुधारला म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून थांबवू नका. तीन महिन्यांनी रक्तातल्या साखरेची एचबीए1सी चाचणी करा आणि तो अहवाल घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा.